दोन्ही हातांनी दिलेलं पाकीट

त्या सोनोग्राफी आणि एक्स-रे केंद्रात तो एकोणीस वर्षं काम करतो. त्यातली पहिली सतरा वर्षं एकाही पेशंटने त्याचं तोंड पाहिलेलं नव्हतं. मागच्या बाजूला आठ बाय सहाची बिनखिडकीची खोली, एक टेबल, एक संगणक, कानांवर हेडफोन. मॅडम, म्हणजे केंद्राच्या मालकीण असलेल्या डॉक्टरीणबाई, तपासणी झाली की निष्कर्ष रेकॉर्डरमध्ये बोलायच्या आणि तो ऐकून टाइप करायचा. दिवसाला तीस-पस्तीस रिपोर्ट. मॅडमचा आवाज सगळ्यांसाठी सारखाच सपाट असायचा, पण वाईट काही सांगायच्या आधी त्या एक श्वास घ्यायच्या. तो श्वास दुसऱ्या कुणाला जाणवलाही नसता. त्याला ऐकू यायचा, आणि त्या दिवशी डबा अर्धा परत जायचा.

केंद्रात सगळे त्याला लाजाळू म्हणतात. हे नाव मावशीचं. मावशी केंद्र झाडते, पुसते, पेशंटना आत-बाहेर करते आणि बाकावर बसलेल्यांशी बोलते. "हात लावायला नको, नुसती सावली पडली तरी मिटतो," असं ती पहिल्याच महिन्यात म्हणाली होती.

लाजाळू शेहेचाळीस वर्षांचा आहे. नव्या शर्टाच्या कॉलरमागची पट्टी तो आधी ब्लेडने उसवतो, मगच शर्ट अंगात घालतो. ट्यूबलाइट गुणगुणायला लागली की इतरांच्या आठ दिवस आधी त्याला कळतं. शेजारच्या घरात मुलाला ओरडा बसला तर याच्या घशाखाली घास उतरत नाही. फोनवर कुणी नुसतं "बरं" म्हणालं, तर ते बरं कसलं होतं यात दुपार जाते. मोठ्या भावाने आणि ताईने लहानपणापासून त्याला "मनाला लावून घेऊ नकोस" हे इतक्या वेळा सांगितलं, की तेही त्याने मनाला लावून घेतलं. बायकोने घरात सोय करून ठेवली आहे. स्टीलच्या ताटांमध्ये फडकं. मिक्सर लावायचा तो अंघोळीला गेल्यावर. "एक मूल मोठं झालं, हे दुसरं काही होईना," असं ती म्हणते, हसते, आणि मग तो दुखावला का ते बघते. दुखावलेला असतो.

केंद्रात त्याने स्वतःपुरता एक उपाय शोधला होता. एक्स-रे काढताना अंगावर घालतात ते शिशाचं जाकीट तिथे खुंटीला असतं. सहा-सात किलोचं. एकदा ते उचलून जागेवर ठेवताना त्याच्या लक्षात आलं की त्या वजनाखाली छातीतली धडधड बसते. तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत, कपडे बदलायच्या खोलीत, तो दहा मिनिटं ते जाकीट घालून स्टुलावर बसायचा. मॅडमनी एकदा दार उघडलं.

"मशीन बंद आहे."

"हो मॅडम."

"मग?"

तो जाकिटाचा पट्टा सोडायला लागला. मॅडमनी दार लावून घेतलं आणि तो विषय पुन्हा काढला नाही. त्या वाईट बाई नाहीत, हे सांगायला हवं.

दोन वर्षांपूर्वी काउंटरवरची मुलगी काम सोडून गेली. मॅडमनी नवीन मुलगी ठेवली नाही. संगणक उचलून पुढे आणला आणि लाजाळूला काउंटरवर बसवलं. टायपिंगही त्याचं, रिपोर्ट देणंही त्याचं. नुसतं टायपिंग जमत होतंच. नुसतं काउंटरही कदाचित जमलं असतं, कारण आधीच्या मुलीला पाकिटात काय आहे हे माहीतच नसायचं. ती पाकीट द्यायची, सही घ्यायची आणि पुढचं नाव पुकारायची. लाजाळूला प्रत्येक पाकिटातलं शेवटचं वाक्य पाठ असायचं, आणि ज्याच्याबद्दल ते वाक्य होतं तो माणूस दोन फुटांवर उभा राहून त्याच्या तोंडाकडे बघत असायचा.

पहिल्या वर्षात दोन प्रकार घडले. एका बाईंना पाकीट देताना याचे डोळे भरून आले. बाईंनी पाकीट उघडलंच नाही, तिथेच खाली बसल्या. मॅडमना तपासणी अर्धी टाकून बाहेर यावं लागलं. पाच-सहा महिन्यांनी एक तरुण आला. रिपोर्ट स्वच्छ होता, पोरगा घामाने निथळला होता, म्हणून लाजाळू न राहवून बोलून गेला, "काळजी करू नका, काही नाहीये." काहीतरी होतं. फोटोत न दिसणाऱ्या जागी होतं, आणि ते दुसऱ्या तपासणीत सापडलं. मग त्या तरुणाचा मोठा भाऊ येऊन काउंटरवर मूठ आपटून गेला. "काही नाही म्हणून सांगणारा तू कोण? डॉक्टर आहेस?" ती मूठ लाजाळूला आजही ऐकू येते.

त्या संध्याकाळी मॅडमनी त्याला आत बोलावलं.

"वाईट सांगायचं नाही, हे तुम्हाला कळलंय. चांगलंही सांगायचं नाही. आपण फोटो काढतो. सांगायचं काम ज्याच्या त्याच्या डॉक्टरांचं. कळलं?"

"हो मॅडम."

"पुन्हा झालं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. मी हे रागाने बोलत नाहीये."

त्यानंतर तो एक शब्द बोलला नाही. नजर सहीच्या वहीवर ठेवायची, नाव वाचायचं, पाकीट पुढे करायचं. वर्षभर सगळं सुरळीत चाललं आहे, अशी त्याची समजूत होती.

ती समजूत मावशीने एका बुधवारी मोडली. दुपारी फरशी पुसता पुसता ती म्हणाली, "भाऊ, त्या चष्म्याच्या बाईंचं वाईट आलं वाटतं?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. दोन्ही हातांनी दिलंत ना."

त्याला काही कळेना. मावशीने फडकं पिळलं आणि समजावून सांगितलं. रिपोर्ट बरा असला की लाजाळू पाकीट एका हाताने देतो. वाईट असला की दोन्ही हातांनी, गरम पातेलं धरल्यासारखं. वर्षभर असंच चाललं आहे. बाकावरच्या सगळ्यांना ठाऊक आहे. समोरच्या गल्लीला ठाऊक आहे. नवीन माणूस येऊन बसला की जुना पेशंट त्याला हळूच सांगतो, हात बघ.

"आणि तुम्ही मला आज सांगताय?"

"मला वाटलं, तुम्ही मुद्दाम देता. तोंडाने बोलायची बंदी आहे म्हणून."

त्या दुपारी शिशाचं जाकीट घालून तो पाऊण तास बसला. सगळ्यांना एका हाताने द्यायचं, असं आधी ठरवलं. जाकीट उतरवल्यावर रिकामं पाकीट घेऊन करून पाहिलं. वाईट बातमी एका हाताने द्यायची म्हणजे कुणाच्या पुढ्यात ती फेकल्यासारखं वाटत होतं, आणि दुसरा हात आपोआप पुढे येत होता. मग उलटं ठरवलं. उद्यापासून सगळ्यांना दोन्ही हातांनी. चांगलं असो, वाईट असो. म्हणजे कुणाला काही वाचता येणार नाही. हिशेब बिनचूक होता. फक्त तो बाकावरच्यांना कुणी सांगितलेला नव्हता.

गुरुवारी सकाळी पहिलं पाकीट होतं शिंपीकाकांचं.

शिंपीकाकांचं दुकान केंद्राच्या बरोबर समोर. एक खोली, एक मशीन, मागे कापडांची फळी, पुढे इस्त्रीचं टेबल. वय बासष्ट. लग्न केलेलं नाही, भाचा आहे तो परगावी असतो. लाजाळूचे शर्ट तेच शिवतात, कॉलरमागे पट्टी न लावता. पोटात उजवीकडे दुखतं म्हणून ते बुधवारी तपासून गेले होते. रिपोर्ट लाजाळूने टाइप केला होता. मूत्रपिंडावर पाण्याची साधी गाठ. घाबरण्यासारखं काही नाही. मॅडमनी श्वास घेतला नव्हता.

काका काउंटरशी आले. लाजाळूने ठरवल्याप्रमाणे पाकीट दोन्ही हातांनी पुढे केलं.

काकांनी हातांकडे पाहिलं. मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं. पाकीट घेतलं, सही केली आणि म्हणाले, "बरं झालं, तूच दिलंस." पाकीट न उघडता काखेत धरून ते रस्ता ओलांडून गेले.

त्यानंतर सहा जणांना दोन्ही हातांनी पाकिटं मिळाली. चौथ्या माणसापर्यंत बाकावर खळबळ उडाली होती. मग कुणीतरी पाकीट उघडून वाचलं, ते स्वच्छ निघालं, आणि मावशीने जाहीर करून टाकलं की आजपासून सगळ्यांनाच दोन हात आहेत, कुणी मनावर घेऊ नये. बाकाचा प्रश्न मिटला. काका तेव्हा तिथे नव्हते.

काउंटरच्या काचेतून काकांचं दुकान सरळ दिसतं. दुपारी लाजाळूला दिसलं की काका फळीवरून एकेक कापड उतरवून त्याला दोरी बांधताहेत. संध्याकाळी पहिलं गिऱ्हाईक आपलं कापड परत घेऊन गेलं. मग दुसरं.

शिंप्यांची एक रीत असते. आजारपण अंगावर आलं की कापलेलं शिवून पुरं करायचं आणि न कापलेलं परत करायचं. काकांचे उस्ताद अचानक गेले तेव्हा दुकानाला चार महिने कुलूप होतं आणि लोकांचे लग्नाचे कपडे आत अडकून पडले होते. बायका कुलपाशी येऊन मेलेल्या माणसाला शिव्या देऊन जायच्या. ते काकांनी अठराव्या वर्षी ऐकलं होतं. आपल्या नावाने असं व्हायला नको, हे ते कात्रीला धार लावता लावता अनेकांना सांगत. लाजाळूनेही ऐकलं होतं. त्यामुळे दोरी बांधलेले ते गठ्ठे म्हणजे काय, हे त्याला पहिल्या मिनिटाला कळलं.

मावशी शुक्रवारी सकाळी जाऊन काकांना दोन हातांचं सांगून आली. काका हसले आणि म्हणाले, "त्याने पाठवलं ना तुला? मोठा हळवा पोरगा आहे."

"मी माझ्या पायांनी आलेय."

"बरं बरं. जा, फरशी वाळेल."

पाकीट उघडून आतलं इंग्रजी कुणाकडून तरी वाचून घ्या, असंही ती म्हणाली. काकांनी ते कापडात गुंडाळून पेटीत ठेवलं होतं. त्यांचे डॉक्टर सोमवारी येणार होते. डॉक्टरच उघडतील. चार दिवस कशाला आधी ऐकायचं?

दुपारच्या सुट्टीत लाजाळू स्वतः गेला. सोबत पँटचं कापड नेलं, बायकोने आणून ठेवलेलं. त्याने बरंच योजून ठेवलं होतं. रिपोर्टबद्दल अक्षर काढायचं नाही, पण काकांना समजेल असं बोलायचं.

"काका, पँट शिवायला टाकायची होती."

"मी काम घेत नाही आता."

"घाई नाही. पुढच्या वर्षी दिलीत तरी चालेल. त्याच्या पुढच्या वर्षीही चालेल."

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. दुकानात रिकाम्या फळीचा फिकट पट्टा दिसत होता. दाराबाहेर एक बाई "माझा ब्लाउज तरी कापून ठेवायचात हो" म्हणून कुरकुरत होती. हे सगळं लाजाळूच्या पोटात गेलं आणि तिथून तोंडावर आलं.

"आणि मी हल्ली सगळ्यांनाच दोन्ही हातांनी देतो," तो घाईने म्हणाला. "कालपासून. कुणालाही विचारा."

"हो, मावशी म्हणाली." काकांनी टेप गळ्यातून काढला. "उभा राहा नीट. तुझं मन मोडत नाही. माप घेऊन ठेवतो." त्यांनी कंबर मोजली, जुन्या वहीत पाहिलं आणि परत मोजली. "दोन इंच उतरलास. आधी तूच कुणाला तरी दाखव."

"काका, खरंच..."

"अरे, तुझं तोंड बघ आरशात. तुला खोटं बोलता येत नाही, याबद्दल मी तुला कधी नावं ठेवली का?"

समोर ट्रायलचा आरसा होता. लाजाळूने पाहिलं. आरशातल्या माणसाकडे बघून कुणीही हेच म्हटलं असतं.

घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पण भाजी चिरणं थांबवलं नाही.

"सरळ सांगून टाका ना, साधी गाठ आहे म्हणून."

"मॅडम काढतील."

"मग नका सांगू."

"ते दुकान रिकामं करताहेत."

"मग सांगा."

"आणि मॅडमचं चुकलं असेल तर? मागच्या वेळी तो मुलगा..."

बायकोने सुरी खाली ठेवली. "अहो, मला एकच सांगा, तुम्हाला माझ्याकडून काय ऐकायचंय? तेवढंच म्हणते." मुलीच्या कॉलेजचं शेवटचं वर्ष चालू होतं, दुसरीकडे टायपिस्ट कुणाला नको होता, आणि शेहेचाळिसाव्या वर्षी नव्या जागेचे आवाज, नव्या माणसांचे चेहरे, नवी ट्यूबलाइट, याचा नुसता विचार केला तरी त्याच्या तळव्यांना घाम येत होता. हे दोघांपैकी कुणीही बोलून दाखवलं नाही.

शनिवारी सकाळी पावणेअकराला तो मॅडमच्या खोलीत गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने आपणहून काही मागितलं.

"समोरच्या शिंपीकाकांना सांगू का? तुम्ही सांगितलंत तरी चालेल. ते घाबरलेत."

"कशाने?"

त्याने दोन हातांची गोष्ट सांगितली. मॅडम ऐकत राहिल्या. हे सगळं केंद्रभर वर्षभर चाललं होतं, हे त्यांनाही नवीन होतं.

"रिपोर्ट त्यांच्याकडे आहे. वाचायला त्यांचे डॉक्टर आहेत. मी आज यांना सांगितलं, तर उद्या प्रत्येकजण म्हणेल, मलाही सांगा. आणि ज्याला नाही सांगितलं, तो समजून जाईल की आपलं वाईट आहे." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "तुम्हाला कळतंय ना, हा घोळ कुठून झाला?"

"हो मॅडम."

"मग तो वाढवू नका."

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. बाहेर पाच पेशंट बसले होते. तो काउंटरवर येऊन बसला.

साडेबाराला काकांच्या दुकानाच्या जागेचा मालक वरच्या मजल्यावरून खाली आला. ती खोली त्याला मुलासाठी कित्येक वर्षं हवी होती आणि काकांनी ती सोडली नव्हती. आता काका दारात उभे होते, हातात किल्ली. मशीन हातगाडीवर चढवलेलं होतं. लाजाळू उठला. सहीची वही उघडीच राहिली. तो केंद्राची पायरी उतरला, रस्ता ओलांडू लागला, आणि मधोमध एका टेम्पोने हॉर्न दिला. साधाच हॉर्न. लाजाळूचे दोन्ही हात कानांवर गेले, डोळे मिटले. उघडले तेव्हा तो अर्ध्या रस्त्यात उभा होता आणि समोरून काका त्याच्याकडेच बघत होते.

त्यांनी मान हलवली. समजलं, जा, अशा अर्थाने. आणि किल्ली मालकाच्या हातावर ठेवली.

लाजाळूला अजून बोलता आलं असतं. दहा पावलं होती. साधी गाठ आहे, एवढे तीन शब्द. मागे केंद्राच्या दारात मॅडम येऊन उभ्या राहिल्या आहेत, असं त्याला वाटलं. वळून पाहिलं तर तिथे मावशी होती. तोपर्यंत मालकाने कुलूप बदलायला माणूस बोलावला होता.

सोमवारी दुपारी एकला काका केंद्रात आले. रांगेतले सगळे जाईपर्यंत बाकावर बसून राहिले. मग काउंटरशी आले.

"पाण्याची गाठ आहे. डॉक्टर हसले मला."

"हो."

"तुला माहीत होतं."

"हो."

"पँट टाकायला आलास तेव्हाही?"

"हो."

"मग तोंड तसं का केलं होतंस रे? मयताला आल्यासारखं?"

लाजाळूने सहीची वही मिटली. "तुम्ही कापडं परत देत होतात, ते बघून."

काकांनी ते मनात जुळवून पाहिलं. "म्हणजे मी तुझं तोंड बघून कापडं परत देत होतो, आणि तू कापडं बघून तोंड करत होतास."

मागे मावशीला हसू फुटलं. तिने पदर तोंडाला लावला. बाकी कुणी हसलं नाही, म्हणून तीही थांबली.

"मला सांगायचं होतंस," काका म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर लाजाळूला सोपं गेलं असतं.

काका मालकाकडे गेले. मालक चांगला बोलला. तब्येतीचं ऐकून आनंद झाला म्हणाला. खोली मुलाला दिली होती आणि फर्निचरवाला माप घेऊन गेला होता. पंधरा दिवसांत तिथे मोबाइलचं दुकान उघडलं. दारात एक स्पीकर आहे. तो सकाळी दहाला सुरू होतो आणि केंद्र बंद होईपर्यंत चालतो. लाजाळू कानात कापूस घालतो, पण ठोका काचेतून येतो आणि टेबलात जाणवतो.

काका आता घरी शिवतात. खोलीला उजेड कमी, त्यामुळे काळं कापड घेत नाहीत. गिऱ्हाईक निम्मं राहिलं. त्यांनी मॅडमकडे तक्रार केली नाही. रस्त्यात दिसले तर थांबतात, दोन शब्द बोलतात. पँटचा विषय काढत नाहीत. लाजाळूही काढत नाही. कापड त्यांच्याकडेच आहे.

नोकरी टिकली. मॅडमनी काउंटरला वरपर्यंत दुधी काच बसवून घेतली, खाली चार बोटांची फट ठेवली. आता त्याचं तोंड दिसत नाही, हातही दिसत नाहीत. पाकीट तो फूटपट्टीने बाहेर ढकलतो. पहिले आठ दिवस त्याला इतकं हलकं वाटलं, की जेवणाच्या सुट्टीत जाकिटाची आठवणही झाली नाही.

नवव्या दिवशी मावशी काचेच्या मागे आली. पुसलेलंच टेबल पुन्हा पुसत राहिली.

"काय झालं?"

"काही नाही हो. बाकावर म्हणतात, पाकीट झटकन आलं की बरं असतं."

तेव्हापासून तो मनात तीनपर्यंत मोजतो आणि मग ढकलतो, सगळ्यांसाठी सारखंच. रिपोर्ट वाईट असला की दोन आणि तीनच्या मध्ये थोडं जास्त अंतर पडतं. ते त्याला कळतं. काचेपलीकडे बाक त्या वेळी एकदम शांत असतो, तेही ऐकू येतं.